मान सरळ कर की रं

एक बारका प्रयोग करून बघा. ज्या मोबाईलवर हे वाचताय तो हातात धरून डावीकडं-उजवीकडं भराभर हलवा, सेकंदाला दोन-तीनदा. अक्षरं गेली? जाणारच. आता मोबाईल एका जागी गप्प धरा आणि तेवढ्याच स्पीडनं मान हलवा, नको-नको म्हणताना हलवतो तशी. (एसटीत असाल तर राहू दे, शेजारचा उठून दुसऱ्या सीटवर जाईल.) ह्यावेळी अक्षरं जागेवर राहतात, वाचताही येतं. हलण्याचा वेग तोच, अंतर तेच, मग फरक कशानं पडला?

फरक कानानं पडला. आतल्या कानात तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यातलं पाणी डोकं वळलं की मागं राहतं, आणि ती खबर फक्त तीन मज्जापेशींच्या साखळीतून डोळ्याच्या स्नायूंपर्यंत पोचते. डोकं उजवीकडं गेलं की डोळे तेवढेच डावीकडं. हे सगळं १० मिलिसेकंदांच्या आत होतं. उलट हलणाऱ्या मोबाईलचा पाठलाग करायचा तर आधी तो दिसला पाहिजे, मेंदूनं तो ओळखला पाहिजे, मग डोळ्यांना हुकूम सुटणार, त्यात १०० मिलिसेकंद सहज जातात आणि तोवर मोबाईल पार पुढं निघून गेलेला असतो. आपण दिवसभर चालतो, गाडीवरनं खड्ड्यातनं जातो, घास चावतो, आणि तरी समोरचं जग हलत नाही याचं कुणाला काही वाटत नाही. वाटतं ते ही यंत्रणा गेल्यावर.

१९५२ मध्ये एका अमेरिकन डॉक्टरानं नाव न सांगता, नुसतं जे.सी. अशा सहीनं, स्वतःचा अनुभव मेडिकल जर्नलमध्ये लिहिला होता. त्याला क्षय झालेला, त्यासाठी स्ट्रेप्टोमायसिन दिलं, आणि त्या औषधानं आतल्या कानाचा हा भाग कायमचा मारला. मग काय झालं, तर पलंगावर पडून वाचतानासुद्धा अक्षरं उड्या मारायला लागली, नाडीच्या प्रत्येक ठोक्याला. म्हणजे हृदयाच्या ठोक्यानं डोकं किती हलतं ते आपल्याला जन्मात कळत नाही, त्याला पानावर दिसत होतं! त्यानं उपाय काय काढला, तर पलंगाच्या डोक्याकडच्या दोन लोखंडी गजांमध्ये डोकं अडकवून बसायचं आणि वाचायचं. हे त्याला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. आता वॉर्डात बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, काय विचित्र माणूस आहे, सरळ बसून वाचायला काय होतंय?

हे सगळं मी वाचायला लागलो ते भाच्यामुळं.

ताईचा पोरगा जन्मला आणि दोन-तीन महिन्यांचा झाला तेव्हा आईच्या पहिल्यांदा लक्षात आलं की त्याचे डोळे थांबत नाहीत. आडवे, डावीकडं-उजवीकडं, सारखे. घरात कुणी घाबरलं नाही हे त्यातल्या त्यात बरं, कारण आमच्याकडं हे नवीन नव्हतं. आईचा सख्खा भाऊ, आमचे अण्णामामा, त्यांचे डोळे असेच होते. कोल्हापूरच्या गंगावेशीत त्यांचं वह्या-पुस्तकं बाइंडिंगचं दुकान होतं आणि गल्लीतली पोरं पाठीमागं त्यांना 'भिंगरी' म्हणायची. आई पाळण्याकडं बघून एवढंच बोलली, 'मामावर गेलाय.' तरी दृष्ट काढून झाली, मीठ-मोहऱ्या तव्यावर तडतडून झाल्या, जोतिबाला जाऊन गुलाल लावून झाला. कुणीतरी डोळ्यात मध घाला म्हणून सांगितलं, ते मात्र ताईनं हाणून पाडलं.

आईचं ते 'मामावर गेलाय' किती शास्त्रशुद्ध होतं ते मला फार उशिरा समजलं. ह्या प्रकाराला डॉक्टर निस्टॅग्मस म्हणतात, जन्मल्यावर काही महिन्यांत सुरू होतो तो इन्फंटाईल निस्टॅग्मस. कधी त्याच्यामागं दुसरं कारण असतं, अंगात रंगद्रव्यच कमी, किंवा डोळ्याच्या पडद्याचा दोष, किंवा जन्मजात मोतीबिंदू. कधी नुसताच असतो. घराण्यातून येणाऱ्या एका प्रकाराचं जनुक २००६ मध्ये सापडलं, एफआरएमडी-७, आणि ते बसलंय एक्स गुणसूत्रावर. आता एक्स म्हणजे मुलाला फक्त आईकडून येणार. बाईकडं दोन एक्स, एक बिघडला तरी दुसरा बऱ्याचदा सांभाळून घेतो, त्यामुळं तिचे डोळे पुष्कळदा थांबलेलेच असतात पण ती पुढं देऊ शकते. बापाकडून मुलाकडं हे कधीच जात नाही. म्हणजे जास्त करून दिसणार कुणात, तर मामात आणि भाच्यात, मधल्या बायका पुष्कळदा नुसत्या नेऊन पोचवणार. आम्ही जनुकाची टेस्ट काही केलेली नाही, पण अण्णामामा, मग आई आणि ताई ठणठणीत, मग हा, अशी रांग लावली की डॉक्टरसुद्धा कागदावर वंशावळीचे चौकोन-गोल काढून मान डोलावतात. मलाही येऊ शकलं असतं, नाही आलं. नाणं फेकल्यासारखा तो हिशोब आहे.

तर मुद्दा मानेचा.

भाचा बघायला लागला, चालायला लागला, शाळेत गेला, आणि एक गोष्ट सगळ्यांना खुपायला लागली ती म्हणजे काहीही नीट बघायचं झालं की हा तोंड डावीकडं वळवतो आणि डोळ्यांच्या उजव्या कोपऱ्यातनं बघतो. टीव्ही असाच, फळा असाच, समोर उभ्या माणसाकडं असाच. 'मान सरळ कर की रं' हे वाक्य त्यानं स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल. आजोबा म्हणणार, पाहुणे म्हणणार, एका शाळेत तर बाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवून डोकं सरळ करून दिलं आणि म्हणाल्या, आता वाच. आता कसं वाचणार? पुस्तक नाकाजवळ धरतो म्हणून वेगळा ओरडा. वाईट खोड लागलीय, लाडावून ठेवलाय, मानेचं हाड वाकडं होईल, एक ना दोन.

आणि ही खोड नव्हतीच. हा त्याचा त्यानं शोधलेला उपाय होता.

ह्या डोळ्यांचं हलणं सगळ्या दिशांना सारखं नसतं. बऱ्याच जणांना कुठंतरी एक कोन असा असतो जिथं डोळे वळवले की हलणं कमी होतं, काहींचं जवळजवळ थांबतं. त्याला नल झोन म्हणतात. भाच्याचा तो कोन उजवीकडं आहे. डोळे उजवीकडं ठेवायचे आणि बघायचंय समोर, तर काय करणार, तोंड डावीकडं न्यावं लागतं. संपला विषय. पुस्तक जवळ धरण्याचंही तेच, जवळचं बघताना दोन्ही डोळे नाकाकडं ओढले जातात आणि त्या ओढीत बऱ्याच जणांचं हलणं कमी होतं, शिवाय जवळ धरलं की अक्षर मोठं दिसतं ते वेगळंच. दीड-दोन वर्षाचं पोर, ज्याला डोळ्याला डोळा म्हणतात हेही धड माहीत नाही, त्यानं नुसतं बघून बघून स्वतःचा कोन हुडकून काढला आणि आपण सगळे मिळून त्याला तिथनं हुसकावून लावत होतो.

डॉक्टरांनी पहिल्या भेटीत ताईला तेवढंच सांगितलं होतं, 'वळवू दे त्याला मान. वर्गात फळ्याकडं तोंड केल्यावर डाव्या अंगाच्या बाकावर बसवा, म्हणजे फळा त्याच्या उजवीकडं येतोय.' किती साधं! ह्यासाठी ना मशीन लागलं ना गोळी. नंतर एकदा त्यांनी घरी डोळ्यांचा व्हिडिओ काढून आणायला सांगितला, मोबाईलच्या स्लो-मोशनवर, सरळ बघताना, उजवीकडं बघताना, डावीकडं बघताना. तो व्हिडिओ मी काढला, गच्चीवर, सकाळच्या उन्हात. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर ते हलणं म्हणजे नुसती थरथर वाटते. स्लो-मोशनमध्ये तो दुसराच प्रकार निघाला. सरळ बघताना बाहुली आधी अगदी सावकाश त्याच्या उजव्या हाताला सरकायला लागते, मग सरकण्याचा वेग वाढत जातो, रंकाळ्याच्या पायऱ्यांवर शेवाळावरनं पाय जातो ना तसा, आणि मग एका झटक्यात डोळा परत जागेवर. आणि त्या झटक्यानंतर, पुढचं सरकणं सुरू व्हायच्या आधी, एक बारकासा क्षण बाहुली थांबते. पुन्हा सरकणं. उजवीकडं बघतानाच्या व्हिडिओत तो थांबलेला क्षण चांगलाच लांबला होता, सरकणं नुसतं नावाला. डावीकडं बघताना मात्र नुसता धिंगाणा.

भाचा खांद्यावरनं वाकून बघत होता. म्हणाला, 'मामा, हे माझं हाय? आरशात कधीच दिसलं न्हाई.' आणि त्याला जग कधी हललेलं दिसत नाही, तसं दिसतं का असं विचारलं की तो वैतागतो, कारण प्रत्येक पाहुणा हेच विचारतो. मोठेपणी कुणाला डोक्याला मार लागून किंवा मेंदूच्या आजारानं निस्टॅग्मस झाला तर त्या माणसाला सगळं हललेलं दिसतं आणि तो पार हैराण होतो, पण जन्मापासून असलेल्यांना सहसा तसं होत नाही. मेंदूनं डोळ्यांना काय हुकूम दिला ते मेंदूला माहीत असतं, तो तेवढं वजा करतो, आणि थांबलेल्या त्या बारक्या क्षणांतनं चित्र उचलतो.

तो क्षण हीच ह्या सगळ्या संशोधनाची किल्ली आहे असं माझं वाचून झालेलं मत. डोळ्याच्या पडद्यावर बारीक अक्षर वाचू शकणारा भाग अगदी थोडका, हात लांब करून अंगठ्याचं नख बघा, साधारण तेवढीच जागा आपल्याला एका वेळी स्पष्ट दिसते. तिथं चित्र किती वेळ ठरतंय त्यावर नजर ठरणार. पण हे मोजायचं कसं, याच्यासाठी माणसांनी जे काही केलंय ते वाचताना माझेच डोळे पाणावले. १८९८ च्या सुमाराला एडमंड ह्युई नावाच्या अमेरिकन माणसानं डोळा बधिर करून बुबुळावर प्लास्टरची छोटी वाटी बसवली, तिला मधे बघायला भोक, आणि वाटीला अॅल्युमिनियमचा हलका काटा, तो काजळी धरलेल्या फिरत्या रुळावर रेघा ओढणार. पुढं १९०१ मध्ये रेमंड डॉज आणि क्लाईन यांनी बुबुळावर चमकणाऱ्या उजेडाचा फोटो घेत घेत हालचाल टिपली, तेव्हा कुठं डोळ्याला हात न लावता काम झालं. मग १९६३ मध्ये डेव्हिड रॉबिन्सननं, जो मुळात इंजिनिअर, बारीक तारेचं वेटोळं डोळ्यावर बसवून माणसाला चुंबकीय क्षेत्रात बसवलं, आणि डोळा किती अंश फिरला ते अगदी बारकाव्यानं मिळायला लागलं. आता इन्फ्रारेड कॅमेरे आहेत. आणि गरीबाकडं स्लो-मोशन आहे.

मानेच्या ह्या उपायाचं पुढं ऑपरेशन झालं, ती गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. १९५३ मध्ये केस्टनबाउम आणि अँडरसन या दोघांनी वेगवेगळं लिहिलं की पेशंट डोकं वळवून जो कोन गाठतो तोच कोन आपण स्नायू सरकवून मधे आणू. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू असतात, त्यातले आडवे दोन, म्हणजे दोन्ही डोळ्यांचे मिळून चार, त्यांच्या जागा बदलायच्या. भाच्याच्या बाबतीत दोन्ही डोळे थोडे डावीकडं फिरवून बसवायचे. मग समोर बघायचं तर मेंदूला 'उजवीकडं बघा' असाच हुकूम द्यावा लागणार, आणि उजवीकडंच तर त्याचे डोळे शांत असतात. तोंड आपोआप सरळ. म्हणजे सर्जननं स्वतःचं डोकं चालवून नवीन काही शोधलं नाही, पेशंटनं जे शोधलं होतं त्याच्या मागं तो गेला. हे मला फार मोठं वाटतं.

आणि त्याच्यातनं पुढं आणखी एक धागा निघाला. लुई डेल'ओसो, हाही मुळात इलेक्ट्रिकल इंजिनिअर (ह्या विषयात इंजिनिअर लोक एवढे कसे घुसलेत कुणास ठाऊक, पण घुसलेत), त्यानं आणि फ्लिन यांनी १९७९ मध्ये ह्या ऑपरेशनच्या आधीच्या आणि नंतरच्या डोळ्यांच्या हालचालीच्या रेघा शेजारी-शेजारी ठेवून बघितल्या. शांत कोन मधे आला होता, ते अपेक्षितच होतं. पण हलणंही एकूणच कमी झालेलं, सगळीकडंच थोडं थोडं. का? मग त्याचं म्हणणं असं झालं की स्नायू कुठं सरकवला यापेक्षा तो डोळ्यापासून कापून परत शिवला यातच काहीतरी आहे, स्नायूच्या टोकाला ताणाची खबर मेंदूला देणारी जी व्यवस्था असते तिच्यात बदल होतोय. मग स्नायू कापून त्याच जागी परत शिवायचा, असं ऑपरेशन आधी एका बेल्जियन शीपडॉग जातीच्या कुत्र्यावर झालं, ज्याला जन्मतः असाच निस्टॅग्मस होता, त्याचा रिपोर्ट १९९९ चा. नंतर माणसांवर. सगळ्यांना पटलेलं नाही, वाद चालू आहेत, आणि चमत्कार तर अजिबात नाही, पण ज्याला शांत कोन मधेच आहे किंवा कुठंच नाही अशा माणसासाठी एक दार किलकिलं झालं. औषधांचंही तसंच, २००७ मध्ये इंग्लंडच्या लेस्टरमधल्या गटानं मेमँटिन आणि गॅबापेंटिन, म्हणजे एक स्मृतिभ्रंशाचं आणि एक फिटचं औषध, देऊन बघितलं आणि हलणं कमी होऊन नजर थोडी सुधारली. ह्याच लेस्टरशायरमध्ये झालेल्या पाहणीत दर १०,००० माणसांत २४ जणांना कुठला ना कुठला निस्टॅग्मस निघाला होता. म्हणजे आपल्या एका भरलेल्या स्टेडियमातसुद्धा पाच-पंचवीस जण असू शकतात, आणि तुम्हाला एकही दिसलेला नसतो.

स्टेडियमवरनं आठवलं. भाच्याला फुटबॉलचं वेड. कोल्हापुरात राहून नसतं तरच नवल, आणि कुठल्या तालमीच्या संघाचा ते सांगत नाही, पेठेत उगाच भांडणं नकोत. शाहू स्टेडियमला मॅच असली की आम्ही लवकर जातो कारण त्याला डाव्या टोकाची जागा लागते. तिथनं सगळं मैदान त्याच्या उजव्या हाताला येतं, मान वळवून वळवून दुखत नाही, आणि समोरून कुणी 'कुठं बघतोय रं हा' असं म्हणत नाही. ही जागा त्याची त्यानंच ठरवली, मला नुसतं हाताला धरून न्यायचा, 'मामा, हिकडं.' पाच-सात वर्षाचा असेल तेव्हा. बॉल लांब उंच मारला की तो त्याला हरवतो, मग तो बॉल शोधत बसत नाही, पब्लिकच्या माना कुठं वळल्यात ते बघतो आणि तिकडं बघतो. दरवेळी जमतं असं नाही, पण पेनल्टी कुणी मारली हे मात्र मला त्यालाच विचारावं लागतं, इतकं लक्ष असतं त्याचं.

खरी पंचाईत सीबीएसला, म्हणजे मोठ्या एसटी स्टँडवर होते. एसटी स्टँडात शिरते, वळते, पाटी दोन-तीन सेकंद समोर येते आणि माणसं आधीच दाराला लोंबकळलेली. दवाखान्यात खुर्चीवर निवांत बसून तक्ता वाचायला सांगितला तर भाचा बऱ्यापैकी खालपर्यंत वाचतो, ६/१८ म्हणा (बाकीच्यांना १८ मीटरवरनं दिसतं ते ह्याला ६ मीटरवरनं), चांगल्या दिवशी ६/१२. स्टँडवर तोच पोरगा गारगोटी आणि गडहिंग्लज यात गडबडतो. लोकांना वाटतं नाटक करतोय. ह्यावरही काम झालंय, २००७ चंच, वांग आणि डेल'ओसो यांचं, की ह्या डोळ्यांना दिसत नाही असं नाही, दिसायला वेळ लागतो. नजर दुसरीकडं टाकली की सरकणं-झटका-सरकणं ह्या चक्रात नवीन वस्तू त्या थांबलेल्या क्षणात सापडेपर्यंत जास्त वेळ जातो. त्यात घाई, टेन्शन, कुणी ओरडलं, की हलणं वाढतं. म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये, जिथं नजर सगळ्यात जास्त लागते, तिथं ती सगळ्यात खराब.

आणि सगळा सरकारी हिशोब तक्त्यावर. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अल्पदृष्टी कुणाला म्हणायचं तर चांगल्या डोळ्याची नजर चष्म्यासकट ६/१८ पेक्षा जास्त नसली पाहिजे. ताई एका ठिकाणी सर्टिफिकेटसाठी गेली तर तिथल्या माणसानं तक्ता वाचून घेतला, भाच्यानं तोंड वळवून नीट वाचलं, आणि तो म्हणाला, 'दिसतंय की ह्याला.' दिसतंय हो. किती वेळात दिसतंय ते मोजायचा रकाना त्या फॉर्ममध्ये नाही. मला विचाराल तर ही नुसती आडमुठेपणाची गोष्ट नाही, मोजमाप ज्या काळात ठरलं त्या काळात डोळा म्हणजे कॅमेरा एवढंच डोक्यात होतं, काच साफ आहे का आणि फोटो किती स्पष्ट येतो, बस्स. डोळा सतत चालवावा लागतो, आणि चालवण्यातही आजार असतो, हे अजून फॉर्मपर्यंत पोचलेलं नाही.

मधे आमच्याकडं जुने फोटो काढले होते. डोळ्यांचे डॉक्टर कधी कधी जुना अल्बम मागतात, मान किती वर्षांपासून कलती आहे ते बघायला. चौथ्या क्रमांकाची मेंदूची नस जन्मतः कमजोर असली तर माणूस एकाऐवजी दोन दिसू नयेत म्हणून मान खांद्याकडं कलती ठेवतो आणि चाळिशीत कधीतरी त्रास सुरू झाला की आधी हाच प्रश्न, हे नवीन की जुनं? उत्तर बालवाडीच्या फोटोत असतं. अण्णामामांच्या लग्नातल्या स्टुडिओच्या फोटोत काहीच कळत नाही, फोटोग्राफरनं हनुवटीला बोट लावून मान सरळ केलेली, आणि मामा कुठंच बघत नाहीयेत असं वाटतं. पण गणपती मंडळाचा एक ग्रुप फोटो आहे, मागच्या रांगेत मामा, तोंड डावीकडं, आणि डोळे थेट कॅमेऱ्यात. आई म्हणाली, 'अण्णा ह्याच फोटोत अण्णासारखा दिसतोय.' भाच्यानं त्या फोटोचा मोबाईलवर फोटो काढून ठेवलाय.

ऑपरेशनचं अजून ठरलेलं नाही. मान इतकी वळवावी लागते की मणक्याला त्रास होईल, तर करू, नाहीतर घाई नको असं डॉक्टरांचं म्हणणं, आणि घरातलं निम्मं पब्लिक डोळ्याला सुरी लागणार म्हटल्यावरच आडवं झालंय. भाच्याचे स्वतःचे प्रश्न वेगळे होते. त्यानं डॉक्टरांना विचारलं, 'ऑपरेशन झाल्यावर मग मी स्टेडियमात कुठं बसायचं?' डॉक्टर हसले, म्हणाले, 'मधे बस की, तिकीट तेवढंच.' तो विचारात पडला, कारण डाव्या टोकाला आता त्याची एक गँग झालीय.

शाळेत सध्या डावीकडचा दुसरा बाक त्याला मिळालाय, नव्या वर्गशिक्षकांनी फार न विचारता दिला. प्रश्नपत्रिका मोठ्या टायपात मिळावी आणि वेळ वाढवून मिळावा म्हणून अर्ज टाकलाय, सोबत डॉक्टरांचं पत्र आणि पेनड्राइव्हवर ते गच्चीवरचे व्हिडिओ. क्लार्क म्हणाला व्हिडिओ जोडायची पद्धत नाही, पण ठेवून घेतला.